सांगणे म्हणजे चहाडी नव्हे : शाळेतील छळाला तोंड कसे द्यावे?



शाळा ही शिकण्याची, खेळण्याची आणि मैत्री जोडण्याची जागा आहे. काही मुलांना मात्र हीच जागा भीतीची वाटू लागते. वर्गात शिरताना कोणी पाय आडवा घालतो, मधल्या सुट्टीत डबा हिसकावला जातो, नावाऐवजी व्यंगावरून हाक मारली जाते, वा सगळ्या गटाने ठरवून बोलणेच बंद केलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने २०१९ मध्ये अनेक देशांतील माहिती एकत्र करून प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला आधीच्या महिनाभरात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झालेला होता. तेव्हा हा त्रास सोसणारे तुम्ही एकटे नाही, आणि तो तुमच्या दुबळेपणाचा पुरावाही नाही.

असा त्रास सुरू झाल्यास काय करावे, कोणास सांगावे आणि घरातील मोठ्यांनी कसे वागावे, हे या पाठात सांगितले आहे. छळ करणाऱ्याचे खरे बळ त्याच्या मुठीत नसून इतरांच्या मौनात असते. म्हणूनच योग्य व्यक्तीला वेळेवर सांगणे हा यावरील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे.

थट्टा कोणती आणि छळ कोणता?

मित्रांमध्ये चेष्टा-मस्करी चालते, भांडणेही होतात. त्या प्रत्येकास छळ म्हणता येत नाही. नॉर्वेमध्ये कार्य केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. छळ ओळखण्यासाठी त्यांनी मांडलेल्या तीन खुणा आजही उपयोगी पडतात.

१. दुखावण्याचा हेतू : समोरच्याला वेदना किंवा अपमान व्हावा म्हणूनच ती गोष्ट केली जाते.
२. पुनरावृत्ती : तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडतो, किंवा पुन्हा घडेल अशी सतत धास्ती राहते.
३. बळाची विषमता : एक बाजू वयाने, अंगबळाने, संख्येने, पैशाने वा प्रतिष्ठेने वरचढ असते आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचा बचाव करणे अवघड जाते.

याहून सोपी कसोटीही आहे. थट्टेत दोघेही हसतात, आणि एकाने ‘पुरे’ म्हटले की दुसरा थांबतो. ‘पुरे’ म्हटल्यावरही जी थांबत नाही, ती थट्टा नव्हे.

मारणे, ढकलणे, वस्तू लपवणे वा पैसे मागणे हा छळ डोळ्यांना दिसतो. टोपणनावे ठेवणे, अफवा पसरवणे, खेळात न घेणे, बाकावर शेजारी न बसणे हा छळ दिसत नाही, परंतु त्याची जखम तितकीच खोल असते. रंग, उंची, वजन, तोतरेपणा, अपंगत्व, जात, धर्म, गरिबी, मुलीच्या कपड्यांवर पडलेला मासिक पाळीचा डाग, अशी कोणतीही गोष्ट छळाचे निमित्त ठरू शकते. बदलीमुळे किंवा कामधंद्यानिमित्त परराज्यात गेलेल्या कुटुंबांतील मुलांना त्यांच्या उच्चारांवरून वा डब्यातील पदार्थांवरून हिणवले जाते. परप्रांतातून आपल्या शाळेत आलेल्या मुलांच्या वाट्यालाही हेच येते. ही निमित्ते आहेत, कारणे नव्हेत. छळाचे कारण छळणाऱ्याच्या वर्तनात असते, सोसणाऱ्याच्या शरीरात, भाषेत किंवा घराण्यात नसते.

आरोग्यावर होणारे परिणाम

सततच्या भीतीचा परिणाम मनाबरोबर शरीरावरही होतो. दवाखान्यात येणाऱ्या अनेक मुलांच्या तक्रारींमागे शाळेतील छळ दडलेला असू शकतो. पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

• शाळेच्या दिवशी सकाळी पोटात किंवा डोके दुखणे, मळमळणे. सुट्टीच्या दिवशी मात्र बरे वाटणे.
• झोप न लागणे, दचकून उठणे, बंद झालेले अंथरुणात लघवी होणे पुन्हा सुरू होणे.
• शाळेच्या स्वच्छतागृहात त्रास दिला जात असल्याने दिवसभर लघवी रोखून धरणे. त्यातून पोटदुखी आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा संभव असतो.
• शाळेतून घरी आल्यावर अतिशय भूक लागलेली असणे, कारण डबा दुसऱ्यांनी खाल्लेला असतो.
• वह्या, पेन, पैसे वारंवार हरवणे, कपडे फाटणे, अंगावरील वळांचे न पटणारे कारण सांगणे.
• अभ्यासात एकाएकी मागे पडणे, नेहमीचा रस्ता टाळणे, आवडीचे खेळ सोडणे, धाकट्या भावंडांवर विनाकारण चिडणे.

यांतील एखादे लक्षण दिसले म्हणजे छळच होत आहे, असे ठरत नाही. मात्र तपासणीत दोष सापडला नाही, म्हणून ‘मूल नाटक करते’ असेही म्हणू नये. पोट खरोखरच दुखत असते. भीतीमुळे शरीरात होणारे बदल पचन, झोप आणि स्नायूंवर परिणाम करतात.

मुले गप्प का राहतात?

‘चहाडखोर’ म्हणतील, ‘सांगितले तर अधिक मारतील’, ‘आई-बाबांना काळजी लागेल’, ‘बाबा शाळेतून काढून घेतील’, ‘माझेच काही चुकले असेल’ असे विचार मुलांच्या मनात येतात. यातील भीती समजण्यासारखी आहे. परंतु चहाडी आणि सांगणे यांत मोठे अंतर आहे. चहाडीचा हेतू दुसऱ्याला अडचणीत आणण्याचा असतो. सांगण्याचा हेतू स्वतःला किंवा दुसऱ्याला अडचणीतून बाहेर काढण्याचा असतो. पाय मोडल्यावर डॉक्टरांना सांगण्यात जशी लाज नाही, तशीच यातही नाही.

विद्यार्थ्यांसाठी : त्या क्षणी काय करावे?

१. प्रथम सुरक्षितता पाहा. इजा होण्याची शक्यता वाटल्यास तेथून निघून जा. पळणे हा भित्रेपणा नव्हे. पैसे किंवा मोबाइल बळजबरीने मागत असतील तर त्या वस्तूसाठी झटापट करू नका. वस्तू परत मिळू शकते.

२. माणसे असतील तेथे जा. शिक्षक, शिपाईमामा, ग्रंथपाल, बसमधील मदतनीस ताई किंवा मुलांचा मोठा गट असेल त्या दिशेने चाला. रिकामा जिना, मैदानाचा कोपरा, शाळा सुटल्यानंतरचा ओस वर्ग अशा जागा काही दिवस टाळा.

३. थोडक्या शब्दांत आणि स्थिर आवाजात बोला. ‘थांब. हे मला मान्य नाही.’ एवढे म्हणून वळा व निघून जा. कारणे देत बसू नका, विनवण्या करू नका, उलट शिवी देऊ नका. हे वाक्य घरी आरशासमोर किंवा भावंडाबरोबर दहा-वीस वेळा म्हणून पाहा. सराव केलेले शब्द भीतीच्या क्षणीही तोंडातून निघतात.

४. मारामारी टाळा. ‘तूही दोन लगाव’ हा सल्ला पुष्कळदा दिला जातो. परंतु बळाची विषमता असताना त्यातून अधिक इजा होते, आणि शिक्षकांपर्यंत जाते ती केवळ ‘दोघांची भांडणे’. स्वतःला सोडवून घेण्यापुरता प्रतिकार करणे व बदला घेणे, या भिन्न गोष्टी आहेत.

५. श्वासाकडे लक्ष द्या. छाती धडधडत असेल तर नाकाने हळूहळू श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. असे पाच-सहा वेळा केल्याने मन थोडे शांत होते व पुढचे पाऊल सुचते.

हे उपाय करूनही त्रास थांबला नाही, तर दोष तुमचा नाही. काही छळ एकट्या मुलाच्या प्रयत्नाने थांबणारा नसतोच. त्यासाठी मोठ्यांची मदत लागते.

विद्यार्थ्यांसाठी : त्यानंतर काय करावे?

लिहून ठेवा. एका छोट्या वहीत वार, वेळ, जागा, काय घडले आणि तेथे कोण होते, एवढेच नोंदवा. उदाहरणार्थ : ‘सोमवार, मधली सुट्टी, पाण्याच्या नळाजवळ. दोघांनी डबा ओढून घेतला. तोतऱ्या म्हणून हाक मारली. वर्गातील तिघे पाहत होते.’ अशा चार-पाच नोंदी झाल्या की ‘कधीतरी कोणीतरी त्रास देते’ या मोघम तक्रारीऐवजी ठोस माहिती हाती येते. शिवाय मनातील ओझे कागदावर उतरल्याने थोडा हलकेपणा वाटतो.

एक विश्वासू मोठी व्यक्ती निवडा. आई, बाबा, आजी, मावशी, काका, वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक, आशाताई किंवा आरोग्य केंद्रातील समुपदेशक, यांपैकी जी व्यक्ती तुमचे ऐकून घेईल तिच्यापासून सुरुवात करा. बोलण्यास कसे आरंभावे हे सुचत नसेल, तर असे म्हणा : ‘मला एका महत्त्वाच्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून वर्गातील दोन मुले मला रोज त्रास देत आहेत. मी थांबायला सांगितले, पण ते थांबत नाहीत. मला तुमची मदत हवी आहे.’ तोंडी सांगणे अवघड वाटल्यास चिठ्ठी लिहून द्या.

पहिल्या व्यक्तीने मनावर घेतले नाही, तर दुसऱ्या व्यक्तीला सांगा. दुसरीने टाळले, तर तिसरीला. कोणीतरी कृती करीपर्यंत सांगत राहणे, हा तुमचा हक्क आहे.

आपले जग एका वर्गापुरते ठेवू नका. वस्तीतील मित्र, खेळाचा संघ, गाण्याचा वा तबल्याचा क्लास, वाचनालय, अशा ठिकाणी तुम्हाला वेगळ्या नजरेने पाहणारी माणसे भेटतात. एका गटाने लावलेले नाव म्हणजे तुम्ही नव्हे, हे तेथे पुन्हा जाणवते. एखादा चांगला मित्र किंवा मैत्रीणही मोठा आधार असते. जाता-येता, मधल्या सुट्टीत शक्यतो त्यांच्यासोबत राहा.

मोबाइलवरून होणारा छळ

शाळेतील छळ दुपारी संपतो, पण मोबाइलवरील छळ रात्री उशाशीही येतो. अपमानकारक संदेशाला उत्तर देऊ नका. संदेशाचा स्क्रीनशॉट काढून दिनांकासह जपून ठेवा. त्यानंतर त्या व्यक्तीला ब्लॉक करा आणि त्या ॲपवरच तक्रार नोंदवा. आपला पासवर्ड जिवलग मित्रालाही देऊ नका. रात्री फोन झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवा.

एका बाबतीत विशेष सावध राहा. अठरा वर्षांखालील कोणाचेही अश्लील छायाचित्र किंवा चित्रफीत आली, तर ती पुरावा म्हणूनही कोणाला पुढे पाठवू नका. ती साठवणे व पसरवणे हा गंभीर गुन्हा आहे. लगेच पालकांना सांगा आणि तोच फोन घेऊन पोलिसांकडे जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. कोणी ‘फोटो पसरवीन’ अशी धमकी देत असेल, तर पैसे देऊ नका आणि आणखी फोटोही पाठवू नका. या प्रसंगात लाज वाटण्याचे काम धमकी देणाऱ्याचे आहे.

पाहणाऱ्यांचे कर्तव्य

छळ बहुधा प्रेक्षकांसमोर होतो. कॅनडातील टोरँटो येथील शाळांच्या मैदानांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात असे आढळले, की बहुतेक प्रसंगी इतर मुले हजर होती, पण मध्ये पडणारी थोडीच होती. मात्र जेव्हा एखादे मूल मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंगी छळ १० सेकंदांच्या आत थांबला.

याचा अर्थ प्रत्येकाने अंगावर धावून जावे असा नाही. हसू नका, चित्रीकरण करू नका. ‘चल रे, आपल्याला सरांनी बोलावले आहे’ असे म्हणून त्या मुलाला तेथून बाहेर काढा. तेही जमले नाही, तर शिक्षकांना बोलावून आणा. नंतर त्याच्याशेजारी बसून डबा खा. सोसणाऱ्याला हे शेजारी बसणे पुष्कळ दिवस आठवत राहते.

पालकांसाठी

मूल जेव्हा प्रथम सांगते, तेव्हाचे आपले पहिले वाक्य फार महत्त्वाचे असते. ‘तू काय केलेस?’ किंवा ‘लक्ष देऊ नकोस’ असे म्हणू नये. ‘तू सांगितलेस, हे फार चांगले केलेस. यात तुझी चूक नाही. आपण मिळून मार्ग काढू,’ असे म्हणावे. मग मधे न बोलता पूर्ण ऐकून घ्यावे.

• मुलाला न विचारता त्याच पावली शाळेत धाव घेऊ नये. काय करणार आहोत, हे त्याला आधी सांगावे व त्याची भीती समजून घ्यावी.
• छळ करणाऱ्या मुलाला रस्त्यात अडवू नये, त्याच्या घरी भांडायला जाऊ नये. त्यातून प्रकरण चिघळते आणि त्याचा त्रास आपल्याच मुलाला होतो.
• वर्गशिक्षकांची वेळ घेऊन भेटावे, नोंदवही दाखवावी. आठवड्याभरात फरक न पडल्यास मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. पुढील भेटीचा दिवस तेथेच ठरवावा.
• दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावणे टाळावे. भांडणात समेट होतो. छळात तो केवळ दबावाखालचा होकार ठरतो.
• मोबाइलवरील त्रास सांगितल्यावर शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नये. तसे केल्यास पुढच्या वेळी मूल सांगणार नाही.
• शाळा बदलणे हा शेवटचा पर्याय असावा. परंतु सर्व प्रयत्न करूनही मूल सुरक्षित नसेल, तर शाळा बदलण्यात पराभव मानू नये.

आपलेच मूल इतरांना छळते असे कळले, तर ते नाकारू नये आणि त्याला मारूही नये. मार खाऊन मूल एवढेच शिकते, की बळकटाने दुबळ्याला मारायचे असते. त्याचे वागणे चुकीचे आहे हे स्पष्ट सांगावे, झालेले नुकसान भरून काढायला लावावे आणि त्याच्या मनात काय सलते आहे याचाही शोध घ्यावा. त्यालाही समुपदेशनाचा लाभ होतो.

शाळेची जबाबदारी आणि कायद्याचे संरक्षण

मुलांना सुरक्षित ठेवणे ही शाळेची जबाबदारी आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये संलग्न शाळांना छळ-प्रतिबंधक समिती नेमण्याविषयी सूचना दिल्या आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. म्हणजेच शिक्षकांनी वर्गासमोर केलेली मानहानीही क्षम्य नाही. लैंगिक स्वरूपाचा त्रास असल्यास लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच ‘पॉक्सो’ कायदा लागू होतो. असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेला तो ‘आपसांत मिटवता’ येत नाही. शाळा दाद देत नसल्यास राज्य किंवा राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते.

मदत कोठे मिळेल?

• चाइल्डलाइन : १०९८. अठरा वर्षांखालील मुलांसाठी, मोफत, चोवीस तास. मूल स्वतःही फोन करू शकते.
• टेली-मानस : १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली मानसिक आरोग्याची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा. मोफत, चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत.
• मनोदर्पण : ८४४८४४०६३२. विद्यार्थी, पालक व शिक्षकांसाठी शिक्षण मंत्रालयाची समुपदेशन सेवा.
• तातडीच्या धोक्यात : ११२.
• किशोरवयीन आरोग्य केंद्र : २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत १० ते १९ वयोगटासाठी सरकारी आरोग्य संस्थांमध्ये अशी केंद्रे चालवली जातात. मानसिक आरोग्य आणि हिंसाचारापासून संरक्षण हे या कार्यक्रमाचेच विषय आहेत. आपल्या जवळचे केंद्र कोठे आहे, हे आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

विलंब करू नये अशी वेळ

‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे मूल बोलत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा एकाएकी सर्वांपासून तुटले असेल, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे शांतपणे व थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. मुलाला एकटे सोडू नये. घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवावीत. टेली-मानसला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, मानले जाते. तिला शिक्षा न करता तिची काळजी घेण्यावर या कायद्याचा भर आहे.

घरी एकत्र बसून बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात सर्वांत एकटे कोण बसते? त्याच्याशी शेवटचे कोण बोलले?
२. शाळेतील कोणत्या जागी किंवा कोणत्या वेळी भीती वाटते?
३. उद्या त्रास झाला, तर तू सर्वांत आधी कोणाला सांगशील? ती व्यक्ती भेटली नाही, तर दुसरी कोण?
४. आपण घरात एकमेकांना कोणत्या नावांनी चिडवतो? त्यांतील कोणते नाव कोणाला लागते?

या प्रश्नांची उत्तरे एकाच बैठकीत मिळतील असे नाही. जेवताना, शाळेतून येताना, झोपण्यापूर्वी अधूनमधून विचारत राहावे. ज्या घरात लहानसहान गोष्टी ऐकून घेतल्या जातात, त्या घरातील मुलाला मोठी गोष्ट सांगण्याचे धैर्य होते.